सासूबाईंचा निल रिपोर्ट

मी माझ्या सासूबाईंकडून दिवसातून तीन वेळा निल रिपोर्ट मागवत असे, आणि तो वेळेवर येतो याचा मला अभिमान होता.

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला आहे. एकदा दिल्लीत छतरपूरच्या एका लॉनवर दुसऱ्याच कुणाच्या लग्नात आहेराचं पाकीट देऊन, जेवून, नवरीचं कौतुक करून घरी आले होते. आमच्या ओळखीचं लग्न शेजारच्या मांडवात होतं. असे किस्से सांगितले की लोक हसतात. निल रिपोर्टचा सांगितला तरी हसतात, पण सुरुवातीलाच.

सरकारी कचेरीत न वावरलेल्यांसाठी सांगते. मंत्रालय खालच्या कार्यालयांना विचारतं, तुमच्याकडे अमुक प्रकारची किती प्रकरणं पडून आहेत? ज्यांच्याकडे काहीच नसतं त्यांनीही गप्प बसायचं नसतं. 'काही नाही' असं लिहून कळवायचं. तो निल रिपोर्ट. तो आला की आपण रकान्यात शून्य भरायचं आणि पुढच्या कागदाकडे वळायचं. अठ्ठावीस वर्षं मी असली शून्यं भरली. शून्य पाठवणाऱ्याकडे खरंच काही नाही ना, हे जाऊन बघायची पद्धत नाही.

आता मी दिल्लीतच द्वारकेला मुलाकडे राहते, सातव्या मजल्यावर. सून गुडगावला कामाला जाते. तिनं माझ्यासाठी हॉलमध्ये कॅमेरा बसवला आहे. मी त्याला सकाळी नमस्कार करते आणि दुपारी जीभ दाखवते. एकदा त्याच्यावर मुलाचं बनियन वाळत घातलं, तर पाच मिनिटांत सुनेचा फोन आला. "अहो आई, प्लीज यार, मी मीटिंगमध्ये आहे. ते बनियन काढा."

बाराच्या सुमाराला ती मोबाईलवर विचारते, सगळं ठीक? मी नुसता अंगठा पाठवावा एवढीच तिची अपेक्षा असते. तो मी कधी पाठवत नाही. मी तक्रार पाठवते. वरणात मीठ जास्त होतं. लिफ्टमधल्या पंख्यानं माझं डोकं उठवलं. डाव्या पायाची करंगळी आज नाराज आहे. एखाद्या दिवशी तक्रार नसली तर मी ती तयार करते. नात म्हणते, "आजी, किती ड्रामा करतेस तू!"

"बिल्कुल," मी म्हणते.

यामागे काय आहे ते मी तिला सांगितलेलं नाही. इथं लिहिते.

तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. बावन्न म्हणजे काही कोवळं वय नव्हे, पण स्वतःच्या शहाणपणावर इतका विश्वास मला विसाव्या वर्षीही नव्हता. मी सेक्शन ऑफिसर होते, हाताखाली सात माणसं होती, आणि बढतीसाठी माझं नाव समितीपुढं जायचं होतं. आम्ही सरोजिनी नगरच्या तळमजल्यावरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मुलगा पुण्याला शिकत होता. नवरा बँकेत, आणि त्याची बदली झालेली पानिपतला. सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा, शनिवारी परत. सासूबाई दर सोमवारी दारात उभ्या राहून त्याला म्हणायच्या, "जपून जा बाप्पा. आपली मानसं तिकडून वापस येत नाहीत." शनिवारी तो दिसला की म्हणायच्या, "आला? मंग या खेपेला जिंकलो आपन."

त्या अमरावतीकडच्या. वय एक्याऐंशी. गुडघे गेले होते, वॉकर धरून चालायच्या. विसरायच्याही, पण निवडून. माझी पोळी पहिल्या वर्षी कशी जळली होती ते त्यांना लख्ख आठवायचं. मी दिल्लीत जन्मलेली, माझ्या बोलण्यात निम्मं हिंदी. "तू तं मराठीतच हिंदी बोलते," असं म्हणून त्या माझं एकेक वाक्य दुरुस्त करायच्या. भांडायचो आम्ही. पण दुपारी एक वाजता मी ऑफिसातून ऑटो करून घरी यायची, त्यांना ताट वाढायची, समोर बसून दोन घास स्वतःही खायची आणि पाऊण तासात परत जायची. ऑफिसात सगळ्यांना ते ठाऊक होतं. कुणी काही म्हणत नसे.

मग हजेरीसाठी अंगठा लावायचं यंत्र आलं आणि त्याच्या पाठोपाठ नवे साहेब आले. साहेबांना दुपारी रिकाम्या खुर्च्या मोजायची आवड होती. माझं एक वाजता घरी जाणं बंद झालं.

एजन्सीकडून बायका ठेवून पाहिल्या. पहिली तिसऱ्या दिवशी आलीच नाही. दुसरीला सासूबाईंनीच घालवलं. "मी काय लेकरू आहो? दिवसभर माह्या तोंडाकडं पाहत बसते." सकाळी साडेनऊपर्यंत कामवाली असायची, आणि मग संध्याकाळी मी येईपर्यंत घरात त्या, वॉकर आणि टीव्ही.

आणि फोन. घरचा फोन व्हरांड्याच्या दाराजवळ तिवईवर होता. माझ्या ऑफिसचा नंबर हा जगातला एकच नंबर त्यांना पाठ होता, आणि त्या तो मनसोक्त वापरायच्या.

"गॅस बंद केला का तू?"

"केला, आई."

"आज बुधवार आहे का गुरुवार?"

"गुरुवार."

"खिडकीत तो लंगडा पारवा आला आहे. सांगून ठेवलं."

दिवसातून सात-आठदा. एकदा साहेबांनी मला आणि आणखी चौघांना आमच्याच सेक्शनमध्ये उभ्याउभ्या काही समजावून सांगायला घेतलं होतं आणि फोन वाजला. त्यांच्याच हाताशी होता, त्यांनी उचलला. ऐकलं. फोन खाली ठेवला आणि गंभीर चेहऱ्यानं मला म्हणाले, "मॅडम, घर से ऑर्डर है. मेथी मत लाइएगा, पड़ी है."

सगळे हसले. साहेबही हसले, खरं तर चांगल्या मनानं हसले. आज मला वाटतं, मीही हसायला हवं होतं. पण बढतीच्या उंबरठ्यावरची ती बावन्न वर्षांची बाई हसण्यातली नव्हती. माझे कान तापले. घरी आले ती चप्पलही न काढता बोलायला लागले. आई, मी तिथं चेष्टेचा विषय झाले आहे. आई, मला नोकरी करायची आहे. आई, तुम्हाला काही कळतं का?

त्या ऐकत होत्या. हातात निवडलेली मेथी होती.

मग मी जे केलं ते अस्सल सेक्शन ऑफिसरनंच करावं. एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत सूचना लिहिल्या आणि फोनच्या वर भिंतीला चिकटवल्या. मी स्वतः अकरा, एक आणि तीन वाजता फोन करीन. मी विचारीन, बऱ्या आहात? त्यावर तुम्ही फक्त 'बरी आहे' म्हणायचं. दुसरं काही बोलायचं नाही. फोन नीट जागेवर ठेवायचा. स्वतःहून ऑफिसात फोन करायचा नाही.

त्यांनी चष्मा वर-खाली करून कागद वाचला.

"अन् मेले तं?"

"काहीतरीच काय बोलता, आई."

"नाही, विचारून ठेवते. कागदावर लिहिलं नाही, साहेब."

त्या दिवसापासून त्या मला साहेब म्हणायला लागल्या. आणि त्या दिवसापासून त्यांनी एकदाही स्वतःहून फोन केला नाही. अकराला मी फोन करायची, दोन घंटांत उचलायच्या. "बरी आहो." ठक. एकला, "बरी आहो." ठक. तीनला तेच. त्या पारव्याचं पुढं काय झालं ते मला कधी कळलं नाही. मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगायची, आमच्या आईंची शिस्त बघा, एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. माझ्या मनातल्या रकान्यात मी तीन शून्यं भरायची आणि कामाला लागायची. सुटले, असं मला वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं.

थंडीचे दिवस आले. संसदेचं अधिवेशन सुरू झालं. अधिवेशनात आमच्याकडे सुट्टी मागणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत सुतकाची गोष्ट काढणं. त्या दिवशी सकाळीच कळलं की दुसऱ्या दिवशीच्या तारांकित प्रश्नाचं उत्तर आमच्या सेक्शनला द्यायचं आहे. सचिवांपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांच्या सह्या संध्याकाळपर्यंत हव्या होत्या. बाहेर धुकं. ऑफिसात हीटरजवळ बसूनही माझी बोटं वळत नव्हती.

अकराला मी फोन केला. घंटा वाजत राहिली. सात झाल्या, आठ झाल्या. मी चिडले. टीव्हीचा आवाज मोठा केला असणार, असं म्हणाले मनात. पंधराव्या की सोळाव्या घंटेला फोन उचलला गेला, काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि मग त्यांचा आवाज आला.

"बरी आहो."

"एवढा वेळ का लागला?"

पण तोवर फोन ठेवला गेला होता. जागेवर, नीट.

एकला फोन केला. या वेळी पहिल्याच घंटेला उचलला. मला बरं वाटलं. सुधारल्या, असं वाटलं.

"बऱ्या आहात?"

"बरी आहो." आणि ठक आवाज आला नाही. थोडं थांबून म्हणाल्या, "थंडी वाजते जरा."

"शाल घ्या ना, आई. खुर्चीवर ठेवली आहे. मी फार कामात आहे."

"हो."

तीनला आवाज अगदी बारीक होता. "बरी आहो." झोपेतून उठल्या असतील, असं मी ठरवलं. उत्तराचा तिसरा मसुदा तेव्हा माझ्या पुढ्यात होता आणि साहेबांना त्यात एक शब्द खटकत होता. तो शब्द कुठला ते मला आजही आठवतं. लिहिणार नाही. त्या शब्दाला आणखी मोठं करायची माझी इच्छा नाही.

साडेसातला मी घरी पोचले. दार उघडलं तर घरात अंधार. व्हरांड्याच्या दाराशी, उघड्या फरशीवर, सासूबाई कुशीवर पडलेल्या. तिवई आडवी. फोन त्यांच्या छातीशी, दोन्ही हातांत धरलेला, रिसीव्हर जागच्या जागी नीट ठेवलेला. वॉकर चार पावलांवर. शाल खुर्चीवर, मी ठेवली तिथंच. टेबलावर त्यांच्या जेवणाचा डबा न उघडलेला. लुगडं ओलं होऊन फरशीला चिकटलं होतं आणि त्यांचे ओठ निळे पडले होते.

त्या अकराच्या फोनसाठी उठताना पडल्या होत्या. दोन घंटांत उचलायचा म्हणून वॉकर न घेताच निघाल्या होत्या. फोनची वायर ओढून त्यांनी तो स्वतःकडे आणला आणि रिपोर्ट दिला.

मी दिवा लावला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. म्हणाल्या, "आली?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधी पडल्या? मी म्हणाले, अकराला. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "घर में कोई नहीं था?" मी म्हणाले, फोन होता. किती मूर्ख उत्तर दिलं ते मला माझ्याच आवाजावरून कळलं.

ऑपरेशन झालं. पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. नवऱ्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. तो पानिपतहून आता बुधवारीही यायला लागला, रात्री येऊन पहाटे परत जायचा, आणि आईच्या पायांना तेल लावताना माझ्याकडे बघायचं टाळायचा. मी सुट्टी मागायला गेले तेव्हा साहेबांनी नियमांचं पुस्तक माझ्याकडेच सरकवलं. ते पुस्तक मला पाठ होतं. त्यात मुलांच्या संगोपनासाठी रजा आहे. म्हाताऱ्यांसाठी नाही. दोनच वर्षांपूर्वी माझ्या हाताखालच्या एका कारकुनानं लकवा झालेल्या वडिलांसाठी तीन महिने मागितले होते, तेव्हा 'तरतूद नाही' हे दोन शब्द मीच सुवाच्य अक्षरात लिहिले होते. त्यानं मग काय केलं, मी विचारलं नव्हतं. साठलेली रजा दीड महिन्यात संपली. नोकरी मी सोडली नाही. का सोडली नाही याची कारणं मी पुढं अनेकांना सांगितली. सगळी खरी होती. तरीही ती सांगताना माझा आवाज 'तरतूद नाही' असाच यायचा.

दोन अटेंडंट बायका पाळीपाळीनं ठेवल्या. आता घरी माणूस होतं, फोनची गरज नव्हती. सूचनांचा कागद मी पहिल्याच आठवड्यात फाडून टाकला होता. पण सासूबाईंनी तो सोडला नाही.

डॉक्टर विचारायचे, अम्माजी, दर्द है? "बरी आहो." नवरा विचारायचा, आई, काही खावंसं वाटतं? "बरी आहो." पाठीला जखमा झाल्या, एवढ्या की ड्रेसिंग करताना अटेंडंट बाई तोंड फिरवायची. मी त्यांच्या उशाशी वाकून विचारायची, आई, फार दुखतंय का हो? डोळ्यांत पाणी, जबडा घट्ट आवळलेला, आणि तोंडातून तेच. "बरी आहो."

मी हरतऱ्हेनं प्रयत्न केले. त्यांनी रागवावं म्हणून पोळ्या जाळल्या. चुकीचं मराठी मुद्दाम बोलले. एकदा तर एका खऱ्या पारव्याला तांदूळ टाकून खिडकीत बोलावलं आणि म्हणाले, "आई, बघा, तो लंगडा आला." त्यांनी मान वळवली, दोन्ही पायांवर धडधाकट उभ्या असलेल्या त्या पाखराकडे बघितलं आणि पुन्हा छताकडे बघायला लागल्या. आधीच्या सासूबाईंनी मला या लबाडीबद्दल सोलून काढलं असतं. मला तेवढंच हवं होतं. एक तक्रार. एक शिवी चालली असती. माझ्याविरुद्ध त्यांच्याकडे केवढं प्रकरण पडून होतं, आणि त्या रोज मला शून्य कळवत होत्या.

दरम्यान माझी बढती झाली. ऑर्डर घरी आणून त्यांना दाखवली, कारण दाखवायची रीत. त्यांनी कागदावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरं झालं, साहेब." यात चेष्टा आहे का, हे मी रात्रभर शोधत बसले. नव्हती. तेच तर वाईट होतं.

आठव्या महिन्यात त्यांचं खाणं सुटलं. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. एका रविवारी, ऊन पलंगापर्यंत आलं होतं, नवरा औषधं आणायला बाजारात गेला होता आणि अटेंडंट सुट्टीवर होती. मी त्यांचे केस विंचरत होते. केस म्हणजे कापसाचे चार धागे. इतके महिने जे विचारायची माझी हिंमत झाली नव्हती ते तेव्हा विचारलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या म्हणून विचारता आलं असेल.

"आई, त्या दिवशी तीन वेळा मी फोन केला. तुम्ही पडला होतात. एकदा तरी सांगायचंत. का नाही सांगितलंत?"

मला 'बरी आहो' हेच उत्तर येणार असं वाटलं. कंगवा तसाच धरून मी थांबले. मग त्यांनी मान जरा वळवली, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांच्या आवाजात ती जुनी, माझं वाक्य दुरुस्त करणारी धार आली.

"अकरा वाजता सांगितलं असतं अन् तू आली नसती, तं मंग दिवसभर मी कोनाची वाट पाहिली असती?"